शाहिरांची कीर्ती : टिकली कोणाची आणि कशामुळे

शाहिरी वाङ्मयाची चर्चा निघाली की श्रेष्ठत्वाचा प्रश्न हटकून पुढे येतो. राम जोशी मोठे की अनंत फंदी? लावणीच्या गोडव्यात होनाजींची बरोबरी प्रभाकरांना करता येईल काय? विसाव्या शतकापुरते बोलावयाचे तर अण्णा भाऊ साठे यांचे स्थान वरचे की अमर शेख यांचे? आजचे विद्यार्थी हाच वाद तितक्याच आवेशाने अमेरिकेतील रॅप गायकांविषयी घालतात. टुपाक शकूर, नोटोरियस बी.आय.जी., रकीम, नास ही नावे त्यांच्या ओठांवर असतात आणि त्यांची क्रमवारी लावण्यात त्यांचा वेळ आनंदाने जातो. या सर्व वादांत एक गोष्ट सहसा गृहीत धरली जाते, ती अशी की आज ज्याचे नाव मोठे त्याचे काव्यही त्याच प्रमाणात मोठे. हे गृहीत कितपत खरे आहे, हे मराठी शाहिरांच्या उदाहरणावरून तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की शाहिराचे काव्य हे मुळात ग्रंथासाठी रचलेले काव्य नव्हे. ते डफ-तुणतुण्याच्या किंवा ढोलकीच्या साथीने, समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी, त्या क्षणी गावयाचे काव्य. पंडित कवीची पोथी शिष्य नकलून घेतो. शाहिराचे कवन मात्र फडाबरोबर फिरते आणि फड मोडला की त्याचा आधार सुटतो. त्यामुळे शाहिराने आपले नाव जपण्याची एक युक्ती कवनातच करून ठेवली. ती म्हणजे अखेरच्या चरणात येणारी नाममुद्रा. संतांच्या अभंगांत जशी ती असते तशीच लावणीत व पोवाड्यातही असते. कवन कोणाच्याही तोंडून निघो, कर्त्याचे नाव श्रोत्यांच्या कानी पडावे, अशी ही सोय होती.

दुसरी सोय स्पर्धेची. कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. रात्र रात्र सवाल-जवाब चालत, एकाने घातलेले कोडे दुसऱ्याने पद्यातच उलगडावयाचे, आणि हार-जीत श्रोत्यांसमक्ष ठरावयाची. जिंकणाऱ्याचे नाव पंचक्रोशीत होई. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास जन्मलेल्या रॅप गायनाकडे पाहिले, तर तेथेही ही दोन्ही अंगे दिसतील. गायक आपले नाव पुनःपुन्हा पद्यात गोवतो आणि प्रतिस्पर्ध्याला सर्वांसमक्ष आव्हान देतो. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे येथे सुचवावयाचे नाही. ज्या कवीजवळ छापखाना नाही त्याला कोठेही हेच उपाय सुचतात, एवढाच याचा अर्थ.

परंतु नाममुद्रा आणि फडातील विजय यांनी मिळालेली कीर्ती किती काळ पुरते? पेशवाईच्या उत्तरकाळातील सहा प्रमुख शाहिरांची तुलना या दृष्टीने बोधप्रद ठरेल. अनंत फंदी संगमनेरचे, राम जोशी सोलापूरचे. दोघेही ब्राह्मण घराण्यातील. होनाजी पुण्याचे गवळी. परशराम सिन्नरजवळच्या बावी गावचे शिंपी. सगनभाऊ मुसलमान, शिकलगार जातीचे, जेजुरीशी नाते असलेले. प्रभाकर दातार मूळचे कोकणातील मुरुडचे. ते पुण्यात राहून गंगू हैबती यांच्या फडासाठी रचना करीत. जात, धर्म आणि प्रदेश यांची एवढी विविधता त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही काव्यप्रकारात क्वचितच आढळेल. आपापल्या काळी हे सहाही जण लोकप्रिय होते. असे असता आजच्या सुशिक्षित मराठी माणसाला विचारले तर तो राम जोशी, अनंत फंदी आणि होनाजी यांची नावे चटकन सांगेल, प्रभाकरांचे नाव थोडे थांबून सांगेल, आणि परशराम व सगनभाऊ यांच्यापाशी बहुधा अडखळेल. सगनभाऊंच्या लावणीतील ठसका किंवा परशरामांच्या वाणीतील साधेपणा उणा होता म्हणून असे झाले काय? तसे म्हणवत नाही. कारण दुसरीकडे शोधावयास हवे.

राम जोशी यांचे उदाहरण घेऊ. त्यांच्या रचनेत संस्कृत शब्दकळा, अनुप्रास आणि यमकांची गुंफण इतकी दाट आहे की तमाशाच्या बोर्डावरील कवी आणि पंडित कवी यांतील अंतर त्यांनी जवळजवळ पुसून टाकले. पुढे ते कीर्तनाकडे वळले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी आपल्या कीर्तनांतून गावोगाव नेल्या. म्हणजे मोरोपंतांच्या कीर्तीला राम जोशी यांचा आवाज लाभला आणि राम जोशी यांच्या कीर्तीला मोरोपंतांच्या सहवासाने शिष्टमान्यता लाभली. पुढील शतकातील ग्रंथकारांना लावणीविषयी संकोच वाटे, पण राम जोशी यांचा उल्लेख करताना तो संकोच कमी होई. येथे कीर्तीचे पहिले साधन दिसते. वरच्या मानलेल्या परंपरेशी जोडला गेलेला शाहीर टिकतो.

अनंत फंदी यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांनी लावण्या रचल्या, १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा रचला, सवाई माधवरावांच्या चरित्रावर 'माधवग्रंथ' लिहिला. अहल्याबाई होळकरांच्या उपदेशाने ते तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले अशी आख्यायिका आहे. परंतु आज त्यांचे नाव घराघरांत आहे ते उपदेशपर फटक्यामुळे. तो शालेय वाचनात शिरला आणि पिढ्यान् पिढ्या पाठ होत राहिला. शाळा हे कीर्तीचे फार बळकट साधन आहे, हे आपण शिक्षकांनी तरी विसरू नये. मात्र शाळेने या कवीचा एकच पैलू उचलला. ज्या फंदींवर त्यांचे समकालीन लुब्ध होते ते रंगेल, हजरजबाबी फंदी पाठ्यपुस्तकाच्या दाराबाहेरच राहिले. विद्यार्थ्यांच्या मनात त्यांची जी मूर्ती उभी राहते ती एका वडीलधाऱ्या उपदेशकाची. ती खोटी नाही, पण अपुरी आहे.

होनाजींच्या बाबतीत हेच काम चित्रपटाने केले. 'होनाजी बाळा' हे जोडनाव आहे. रचना होनाजी शिलारखाने यांची आणि गायन बाळा करंजकर यांचे. कवन करणारा आणि गाणारा या दोघांची नावे एकाच मुद्रेत गुंफली गेली, हा श्रेयाच्या वाटणीचा किती सुंदर नमुना आहे! १९५१ साली व्ही. शांताराम यांनी 'अमर भूपाळी' हा बोलपट काढला. वसंत देसाई यांच्या संगीताने होनाजींची भूपाळी महाराष्ट्राच्या प्रभातकाळाचाच एक भाग होऊन बसली आणि १९५२ च्या कान महोत्सवात त्या बोलपटाच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. त्यापूर्वी १९४७ मध्ये शांताराम यांच्याच संस्थेने 'लोकशाहीर राम जोशी' काढला होता. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका व ग. दि. माडगूळकर यांची लेखणी यांमुळे तो चित्रपट घरोघरी पोचला. आपण ज्यांची नावे चटकन घेतो त्या तिघांपैकी दोघांवर स्वतंत्र बोलपट निघाले आहेत, हा केवळ योगायोग नव्हे. सगनभाऊंवर तसा बोलपट निघता तर आपली क्रमवारी आज निराळी असती, असे म्हणावयास हरकत नाही. पण चित्रपटानेही निवड केलीच. होनाजींच्या शृंगारिक लावण्यांचा प्रचंड भाग मागे पडून एका भक्तिपर भूपाळीचे कर्ते म्हणून ते लोकांच्या स्मरणात राहिले.

या सर्वांच्या पूर्वी आणि पाठीशी जे साधन उभे आहे ते म्हणजे संग्राहक. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि इंग्रज अधिकारी ॲक्वर्थ यांनी पोवाडे शोधून १८९१ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढे य. न. केळकर यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचे साक्षेपी संपादन केले आणि म. वा. धोंड यांनी 'मऱ्हाटी लावणी' या ग्रंथात लावणीचे स्वरूप उलगडून दाखवले. अफजलखान-वधावरील अज्ञानदासांचा आणि सिंहगडावरील तुळशीदासांचा पोवाडा आज आपल्या हाती आहे, त्याचे श्रेय कवींइतकेच या शोधकांना आहे. तथापि संग्राहकालाही स्वतःची दृष्टी असते. इतिहासाच्या अभिमानाने शोध सुरू झाला म्हणून पोवाडा आधी वेचला गेला. लावणी अश्लील ठरवली गेली म्हणून तिची बाडे कित्येक वर्षे अंधारात राहिली. सगनभाऊंसारख्या मुख्यतः लावणीवर उभ्या असलेल्या कवीचे यात नुकसान व्हावे हे ओघानेच आले. महात्मा फुले यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवरील आपला पोवाडा १८६९ मध्ये छापून प्रसिद्ध केला, यामागील दूरदृष्टी या संदर्भात विशेष जाणवते. नव्या विचाराचा पोवाडा दुसरा कोणी जपेल या भरवशावर त्यांनी तो सोडला नाही.

विसाव्या शतकात येऊ. १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन झाले आणि अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर ही त्रयी कामगारवस्त्यांतून गाजू लागली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या कार्यक्रमांना लोटणारी गर्दी हा त्या काळच्या राजकारणातील एक सामर्थ्यशाली घटक होता. बार्शीचे अमर शेख हे पहाडी आवाजाचे शाहीर. वाटेगावचे अण्णा भाऊ हे शाहीर तर खरेच, पण त्यांनी कथा लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या, १९५९ मध्ये 'फकिरा' लिहिली. १९६९ च्या जुलैत अण्णा भाऊ गेले आणि ऑगस्टमध्ये अमर शेखही अपघातात गेले. अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतराने मराठी शाहिरीचे दोन खांब कोसळले.

त्यानंतरच्या अर्धशतकात दोघांच्या कीर्तीचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. अण्णा भाऊंची जयंती १ ऑगस्टला गावोगाव साजरी होते, त्यांच्या नावाचे टपाल तिकीट २००२ मध्ये निघाले, त्यांचा पुतळा २०२२ मध्ये मॉस्कोत उभा राहिला. अमर शेख यांच्या नावाने मुंबई विद्यापीठात अध्यासन आहे आणि जाणकारांत त्यांचा मान तसूभरही कमी झालेला नाही, परंतु सर्वसामान्य तरुणाला त्यांचे नाव सांगावे लागते. याची कारणे दोन. अण्णा भाऊंचे लेखन ग्रंथरूपाने मागे राहिले. अमर शेख यांचे कवितासंग्रह असले तरी त्यांचे मुख्य सामर्थ्य आवाजात होते आणि आवाज कवीबरोबर जातो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. अण्णा भाऊंच्या पाठीशी एक संपूर्ण समाज उभा राहिला. ज्यांच्या दुःखाला त्यांनी शब्द दिले त्या लोकांनी त्यांची स्मृती हे आपले स्वतःचे काम मानले. राजाश्रय, छापखाना, शाळा, चित्रपट या सर्वांहून हे साधन टिकाऊ आहे, असे माझे मत आहे.

येथे कोणी म्हणेल की आवाज टिकत नाही ही अडचण आता उरलेली नाही. रॅप तर ध्वनिमुद्रणाच्याच युगातले काव्य आहे. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु रॅपचा इतिहास निराळेच सांगतो. १९७९ मध्ये शुगरहिल गँग या त्रिकुटाचे 'रॅपर्स डिलाइट' हे गीत निघाले आणि रॅप प्रथमच घराघरांत पोचले. त्यातील एका गायकाने म्हटलेली कडवी ब्राँक्समधील ग्रँडमास्टर कॅझ यांच्या वहीतली होती. कॅझ यांना श्रेय मिळाले नाही. गंमत अशी की कडव्यांत गोवलेले कॅझ यांचे दुसरे टोपणनाव गाणाऱ्याने तसेच्या तसे उच्चारले आणि ते तबकडीवर कायमचे कोरले गेले. आपल्याकडील नाममुद्रेचेच हे काम. कवन चोरीला गेले, पण मुद्रेने मालकाचे नाव सांगितले. ज्यांनी ते ऐकले त्यांतील फारच थोड्यांना त्याचा अर्थ कळला, एवढे मात्र खरे.

पुढील रॅप गायकांच्या कीर्तीतही काव्यगुणाखेरीज इतर कारणे दिसतात. १९८७ च्या आपल्या पहिल्या गीतसंग्रहाने रकीम यांनी अंतर्यमकाची रीतच बदलून टाकली. रचनाकारांत त्यांचा मान फार मोठा, पण रस्त्यावरच्या भिंतीवर चित्र दिसते ते टुपाक यांचे. टुपाक १९९६ मध्ये आणि बी.आय.जी. १९९७ मध्ये ऐन पंचविशीच्या आसपास गोळीबारात मारले गेले. अकाली मृत्यूने त्यांच्याभोवती वलय निर्माण केले. तरीही टुपाक यांची कीर्ती केवळ मृत्यूवर उभी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या वस्तीची व्यथा त्यांनी गायिली त्या वस्तीने त्यांना आपले मानले, जसे आपल्याकडे अण्णा भाऊंना मानले. शिष्टमान्यताही मागाहून आली. २०१८ मध्ये केंड्रिक लमार यांना संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. २०१० मध्ये येल विद्यापीठाने रॅप काव्याचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील गीतांचे शब्द ऐकून उतरवताना चुका झाल्याची टीका झाली. गोंधळ्यांच्या तोंडून पोवाडे उतरवून घेणाऱ्यांपुढे जी अडचण होती तीच येथेही उभी राहिली. साधने बदलली, प्रश्न तोच राहिला.

मग ज्यांना यांपैकी कोणतेच साधन लाभले नाही त्यांचे काय? पठ्ठे बापूराव यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. कुलकर्णीपणाचे घर सोडून ते तमाशात गेले आणि १९४५ मध्ये विपन्नावस्थेत वारले, तरी त्यांच्या लावण्या आणि १९५० चा बोलपट यांनी ते टिकले. परंतु त्या लावण्या ज्यांच्या गळ्यातून व अदाकारीतून लोकांपर्यंत पोचल्या त्या पवळा हिवरगावकर यांचे नाव बापूरावांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणूनच उरले आहे. त्यांनी काय गायिले आणि कसे गायिले, हे जपून ठेवण्याची आवश्यकता त्या काळी कोणास वाटली नाही. उलट उदाहरण खानदेशचे आहे. बहिणाबाई चौधरी शाहीर नव्हत्या, पण त्यांचेही काव्य मौखिकच. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ते कागदावर उतरलेले जपले, आचार्य अत्रे यांनी त्याचे मोल ओळखले आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. घरात एक वही नसती तर महाराष्ट्र एका श्रेष्ठ कवयित्रीला मुकला असता आणि आपण मुकलो आहोत हेदेखील त्याला कळले नसते.

हे विवेचन मी पांडेसऱ्यात बसून लिहीत आहे, यालाही एक प्रयोजन आहे. सुरतेच्या या औद्योगिक भागात कापडाच्या गिरण्या आणि यंत्रमाग यांवर राबणारी हजारो खानदेशी कुटुंबे उधना-जळगाव लोहमार्गाने येथे आली आणि स्थिरावली. महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून त्यांची मुले शिकतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती व हिंदी, आणि कानाला लावलेल्या यंत्रात रॅप असा त्यांचा दिवस असतो. अण्णा भाऊंनी मुंबईतील कामगाराची, गावी राहिलेल्या मैनेसाठी झुरणाऱ्या नवऱ्याची जी छक्कड लिहिली, तिचा अर्थ या मुलांना टीपेवाचून कळतो, कारण अनेकांच्या घरी ती स्थिती प्रत्यक्षच आहे. त्याच छक्कडीत पुढे सीमाभागाच्या विरहाचे दुःख येते. राज्यांच्या सीमा १९६० मध्ये आखल्या गेल्यावर अलीकडे राहिलेल्या मराठी भाषकांना तेही परके वाटू नये.

परंतु येथे मराठीची साधने विरळ आहेत. श्रावणात कानबाईपुढे बायका जी गाणी म्हणतात त्यांत नाममुद्रा नाही, त्यांचा संग्रह येथील शाळेत नाही, आणि मोठ्या बायकांनंतर ती म्हणणारे कोण राहील हे सांगता येत नाही. शाहिरांच्या इतिहासाने जे शिकवले ते आपल्या दाराशीच घडत आहे. कीर्ती ज्याच्या पाठीशी उभी राहते तो टिकतो. पाठीशी कोणी नसेल तर चांगले कवनही एका पिढीत विरून जाते.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी सूचना अशी आहे. वर्गात शाहिरी शिकवताना श्रेष्ठ कोण हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर घालू द्यावा, कारण त्यात त्यांचा उत्साह आहे. मात्र त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न घालावेत. हे कवन आपल्यापर्यंत कोणी आणले? आणताना त्यातील काय वगळले गेले? आणि याच कवीच्या बरोबरीने गाणारे दुसरे कोण होते, ज्यांचे आपल्याजवळ काही नाही? रॅपची आवड असलेल्या मुलालाही हेच प्रश्न घालता येतील, आणि कॅझ यांच्या वहीची हकीकत सांगितली तर तो सगनभाऊंकडे अधिक कुतूहलाने वळेल, असा माझा अनुभव आहे. याशिवाय प्रत्येक मराठी शाळेने एक वही ठेवावी. तीत विद्यार्थ्यांनी आपल्या आजीची, आईची, शेजारच्या वृद्धाची गाणी उतरवावीत, शक्य तेथे आवाजही मुद्रित करावा, आणि प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख त्यांच्या संमतीने लिहावी. शब्द जसा ऐकला तसाच लिहावा. अहिराणीचे प्रमाण मराठीत रूपांतर करू नये.

या वह्यांतून एखादा होनाजी सापडेलच असे आश्वासन कोणी देऊ शकणार नाही. पण गाणे कोणाचे होते हे पुढच्या पिढीला विचारता येईल आणि त्याचे उत्तर लिहिलेले सापडेल, एवढी तजवीज करणे आपल्या हाती आहे. अकादमीने अशा वह्यांच्या प्रती स्वीकारण्याची व्यवस्था केली, तर सीमेपलीकडच्या मराठी शाळांचा तो मोठा आधार होईल.